सोमवारी न येणारा मुलगा

उत्तर नागपुरातल्या एका मनपा शाळेतल्या शिक्षिकेनं विचारलंय: "सहावीतला एक मुलगा दिवाळीनंतर आठवड्यातून जेमतेम तीन दिवस येतो. वडील पितात, आई चार घरची धुणीभांडी करते. परवा त्याच्या खिशात तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी सापडली. लग्नांत केटरिंगवाल्याकडे वाढायला जातो असं बाकीची मुलं सांगतात. तोंडी हिशोबात मात्र वर्गात पहिला. आईला तीनदा निरोप पाठवला, ती येत नाही. १०९८ ला फोन करू का? की मी उगाच दुसऱ्याच्या घरात नाक खुपसतेय?"

मॅडम, शेवटचं आधी. नाक खुपसत नाही आहात. त्या मुलाचं येणं-न येणं मोजणारं माणूस सध्या बहुधा तुम्ही एकट्याच आहात. आणि १०९८ ला, म्हणजे मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, फोन आज नको. कधी करायचा ते पुढे सांगते, कारण काही बाबतीत संध्याकाळपर्यंतसुद्धा थांबायचं नसतं. मी बावीस वर्षं नागपूरच्या वस्त्यांमध्ये मुलांसोबत आणि त्यांच्या आयांसोबत काम करतेय. सरकारी कागदात अशा मुलाला 'जोखीमग्रस्त बालक' म्हणतात. वस्तीत म्हणतात, 'पोट्टं हातचं चाललं'. मला वस्तीचा शब्द जास्त बरा वाटतो, कारण त्यात अजून हात आहे.

आधी एक काम करा, त्याला दहा मिनिटं लागतील. हजेरीपट काढा आणि शेजारी भिंतीवरचं कालनिर्णय ठेवा. त्याच्या गैरहजेरीच्या तारखा एका कागदावर उतरवा. लग्नाच्या मुहूर्ताच्या दुसऱ्या दिवशी तो गायब असेल तर कारण काम आहे: रात्री एक-दीडपर्यंत ताटं उचलायची, मग तिथंच मंगल कार्यालयाच्या मागं झोपायचं. पण मुहूर्त असो-नसो, सोमवार ठरलेला रिकामा असेल तर कारण घरात आहे. मिस्त्री-बिगारी लोकांचा हप्ता शनिवारी होतो, रविवारी बाजार, रविवारी रात्री दारू आणि भांडण. एका खोलीच्या घरात ते भांडण संपेपर्यंत लेकरू झोपत नाही. सकाळी सातला उठून गणवेश घालून ते येईल ही अपेक्षाच चुकीची. दोन्ही कारणं सापडली तरी नवल नाही, पण कुठलं आधी सुरू झालं ते कळायला हवं. घरातल्या कटकटीमुळे बाहेर झोपायची सवय लागली आणि मग काम मिळालं, की पैशासाठी काम धरलं आणि मग शाळा सुटली? या दोन मुलांसाठी करायची कामं वेगळी आहेत. मी बघितलेल्या बहुतेक मुलांत पहिला क्रम असतो. आपण पैसा बघतो, तो मुलगा पोटभर जेवण आणि शांत झोप बघत असतो.

(मुलींचं गणित वेगळं असतं. त्यांच्या गैरहजेरीचा माग लागतो तो नळाच्या वेळेशी, घरातल्या तान्ह्या बाळाशी, नाहीतर आईच्या नव्या कामाशी. आणि मुलगी आठवीनंतर अचानक नीटनेटकी, गप्प आणि गैरहजर व्हायला लागली तर घरात कुठली बोलणी चाललीत ते आधी विचारा.)

आता १०९८ बद्दल. लैंगिक अत्याचाराची शंका, अंगावर चटके किंवा वळ, लग्नाची ठरलेली तारीख, मूल कुणाकडे तरी 'कामाला पाठवून' दिलेलं, किंवा मूल स्वतः म्हणतंय की मला घरी जायची भीती वाटते. यातलं काहीही असेल तर घरभेट नाही, समजावणी नाही, मुख्याध्यापकांना सांगून त्याच दिवशी फोन. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं माहिती देणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि 'शाळेचं नाव खराब होईल' हे कारण तिथं चालत नाही. तेव्हा मुलाला उलटसुलट प्रश्न विचारू नका. ते जेवढं बोललं तेवढं त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. पुढची विचारपूस प्रशिक्षित माणसांचं काम आहे: बालकल्याण समिती, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, आपल्याकडे नागपूर पोलिसांचा भरोसा सेलही आहे. तुम्ही लिहिलंय त्यात मला यातलं काही दिसत नाही. पण त्याला जवळून बघा. हाफ पँटच्या खाली मांड्यांवर काय आहे ते शिक्षकांना कवायतीच्या तासाला दिसतं, मला घरी जाऊन दिसत नाही.

'आज नको' असं मी इतक्या ठामपणे का म्हणते? कारण माझ्याकडून एक मूल हरवलंय. मला या कामाला लागून चार वर्षं झाली होती. नऊ वर्षांची मुलगी, कडेवर लहान भाऊ, शाळेत नाव होतं पण पाऊल नव्हतं. आईशी मी एकदाच बोलले होते, तेही नळावर, उभ्या उभ्या. दुसऱ्याच दिवशी उत्साहात एका कार्यालयातली माणसं घेऊन गेले. जीप गल्लीच्या तोंडाशी लागली. सगळी वस्ती बाहेर आली. आई दारात उभी राहिली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि एक शब्द बोलली नाही. तिसऱ्या दिवशी दाराला कुलूप. कुणी म्हणालं कामठीकडे गेले, कुणी म्हणालं भंडाऱ्याच्या बाजूला वीटभट्टीवर. पुढं दोन हंगाम मी भट्ट्यांवर विचारत फिरले. कायद्यात वाईट काही नव्हतं. २०१५ चा बाल न्याय कायदाही मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानतो, कुटुंब पहिलं. पण हे त्या आईला कुणी सांगितलं नव्हतं. तिला जीप तेवढी दिसली.

म्हणून घरी जा. चालत जा, किंवा गाडी कोपऱ्यावर लावून जा. निरोप पाठवून बोलावू नका. शाळेतून आलेला निरोप म्हणजे तक्रार, हे त्या बाईला स्वतःच्या लहानपणापासून माहीत आहे. शिवाय दुपारी तुम्हाला भेटायचं म्हणजे दोन घरची कामं बुडवायची, आणि दुसऱ्यांदा खाडा झाला की मालकीण दुसरी बाई बघते. ती येत नाही याचा अर्थ तिला काळजी नाही असा लावू नका.

जाल तेव्हा पहिलं वाक्य काय बोलाल ते घरून ठरवून जा. खरंच सांगते, सगळा डाव त्या वाक्यावर असतो. 'तुमचा मुलगा शाळेत का येत नाही?' असं म्हटलंत की ती आरोपीच्या पिंजऱ्यात. मग ती एकतर खोटं बोलेल (आजारी होता) किंवा पोराला तुमच्यासमोर बदडेल. दोन्हीत तुम्ही हरलात. त्याऐवजी त्याची हिशोबाची वही घेऊन जा. ओट्यावर बसा. खुर्ची आणायला कुणी शेजारी पळालं तरी खालीच बसा. वही उघडून दाखवा आणि म्हणा, 'हे बघा, अख्ख्या वर्गात हे गणित यानं एकट्यानं सोडवलं.' मग गप्प बसा. गप्प बसणं आपल्या मास्तरकीच्या पेशाला जमत नाही हे माहीत आहे, तरी बसा.

एका घरी असंच गप्प बसले होते. बाई मेथी निवडत होती. वहीकडे बघितलं, हात पुसले, वही हातात घेतली, उलटी धरली होती ती सुलटी केली. वाचता येत नव्हतं पण बरोबरच्या लाल खुणा कळत होत्या. बराच वेळ खुणा मोजल्यासारखं केलं आणि म्हणाली, "मले वाटलं तुम्ही नाव कमी कराले आले जी." मग स्वतःच सुरू झाली. "मी नाही धाडत त्याले कामावर. तो सोताच जाते. घरी राहाते तं बापाचा मार खाते." चहा आला, बिनदुधाचा. तो प्यायचा. पहिल्या भेटीत चहाशिवाय दुसरं काही घडवायचं नसतं. सल्ला नाही, फॉर्म नाही, 'उद्यापासून रोज पाठवा' तर मुळीच नाही. उठताना एकच विचारा: 'याचं तुमच्या वस्तीत कोणाशी पटते? कोणाचं ऐकते?'

त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे तुमचं खरं काम. मी अनेक वर्षं योजना, अर्ज, शिबिरं यांच्या मागं धावले. आता आधी एक माणूस शोधते. मुलाच्या रोजच्या वाटेवर असलेलं, त्याला नावानं ओळखणारं, दारू न पिणारं एक मोठं माणूस. ते बाहेरून आणता येत नाही, तिथं असतंच. आजी असते, मामा असतो, सायकल दुरुस्तीवाला असतो, बचत गटाची अध्यक्षा असते. उत्तर नागपुरात कितीतरी बुद्धविहारांत संध्याकाळी मुलं अभ्यासाला बसतात, तिथं किल्ली सांभाळणारे एक काका असतात. मोमिनपुऱ्याकडे हेच काम एखादी शिकवणी घेणारी आपा करते. गणेश मंडळातली, तान्ह्या पोळ्याला पोरांचे लाकडी नंदी ओळीत उभे करणारी दादा लोकं असतात. त्यांना सगळ्या गल्लीची पोरं नावानिशी ठाऊक असतात, हे आपण वर्षातून एकदाच बघतो आणि विसरतो. विजय बारसे सरांनी २००१ मध्ये याच शहरात झोपडपट्टीतल्या पोरांसाठी फुटबॉल सुरू केला. लोकांना त्यातला बॉल आठवतो. मला त्यातली ठरलेली वेळ, ठरलेलं मैदान आणि 'काल काहून नाही आला बे?' असं विचारणारा माणूस महत्त्वाचा वाटतो.

त्या माणसाला फार काही सांगायचं नाही. घरातल्या भानगडी तर नाहीतच, त्याला त्या तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतात. नेमकं, छोटं काम द्यायचं. एका मुलाच्या बाबतीत आम्ही विहारातल्या काकांना एवढंच म्हटलं की रविवारी रात्री त्याच्या घरी आवाज चढला तर पोरगा विहारात झोपेल, तुम्ही दार उघडं ठेवा आणि सकाळी सातला उठवून द्या. आईला आधी विचारलं होतं, ती हो म्हणाली होती. तिनं त्याचा गणवेश शनिवारीच पिशवीत घालून काकांकडे ठेवायला सुरुवात केली. हे आम्हाला सुचलं नव्हतं, तिला सुचलं. बापाला बदलायला तीन वर्षं लागली, पोराचे सोमवार तीन आठवड्यांत परत आले. एक सावधगिरी इथंच सांगते: रात्रीचा आसरा उघड्या, चारचौघांच्या जागी असावा, एकट्या माणसाच्या खोलीत कधीही नाही, ते माणूस कितीही भलं असलं तरी. आणि मूल नको म्हणालं तर कारण न विचारता नको.

केटरिंगवाल्याकडे तुम्ही एकट्या जाऊ नका. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, त्यातल्या दोघांना आणि वस्तीतल्या एखाद्या वजनदार माणसाला पाठवा. १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवलं तर मालकाला सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा २० ते ५० हजार रुपये दंड होऊ शकतो, दोन्हीही होऊ शकतं. २०१६ च्या दुरुस्तीनंतर हे सगळ्याच कामांना लागू आहे. घरच्या कामधंद्यात शाळा सांभाळून केलेल्या मदतीला सूट आहे. हे एकदा शांतपणे सांगितलं की बहुतेक ठेकेदार पोरांना आपणहून परत पाठवतात, त्यांनाही लफडं नको असतं. नाही ऐकलं तर मग १०९८. पण त्याआधी घरात त्या पैशाची जागा कशानं भरणार ते बघून ठेवा, नाहीतर तो दुसऱ्या ठेकेदाराकडे जाईल आणि यावेळी तुम्हाला कळणारही नाही.

पैशाच्या दोन वाटा आहेत. राज्याची बालसंगोपन योजना, महिन्याला २,२५० रुपये: अनाथ, एकच पालक असलेली, पालक दुर्धर आजारी किंवा तुरुंगात असलेली मुलं यांच्यासाठी. आणि केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतलं प्रायोजकत्व, महिन्याला ४,००० रुपये, शहरात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९६ हजारांच्या आत हवं. तुमच्या मुलाचे वडील हयात आणि घरात आहेत, त्यामुळे पहिल्यात बसवायची खटपट करू नका. दुसऱ्यासाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारा, काम करणारं मूल काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांत मोडतं. मात्र अर्ज केला म्हणजे पुढच्या एक तारखेला खात्यात पैसे, असं आईला सांगू नका. कागद जमवायला वेळ लागतो, मंजुरीला लागतो, हप्ते मागंपुढं होतात. तोवरच्या अडचणीला बचत गटाचं छोटं कर्ज जास्त कामाचं ठरतं.

वडिलांचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत. कुणीच विचारत नाही. घरभेटीत सगळे आईशी बोलतात आणि बाप म्हणजे दारू असं धरून चालतात. सकाळी आठला, कामाच्या नाक्यावर जायच्या आधी, तो शुद्धीत असतो आणि बहुधा लाजलेला असतो. तेव्हा पुरुष शिक्षकानं त्याच्याशी बोलावं, तेही दारूबद्दल नाही, पोराच्या हिशोबाबद्दल. मिस्त्रीकाम करणाऱ्याला मापं-हिशोब कळतात. 'याचं डोकं तुमच्यावर गेलं' हे वाक्य मी फुकट खर्च केलंय असं मला एकदाही वाटलं नाही. सोडायची इच्छा त्यानं स्वतः दाखवली तर मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागाची ओपीडी आहे, मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ हा फोन आहे. इच्छा दाखवली नाही तर पुन्हा एखाद्या सकाळी.

खर्र्याबद्दल लोक हसतात, आपल्याकडे तो पोह्यांइतकाच रोजचा झालाय. पण अकरा-बारा वर्षांच्या मुलाला खर्रा घोटून देणारा टपरीवाला गुन्हा करतोय. बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमात मुलाला तंबाखूचा पदार्थ देण्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. टपरीवाल्याला हे कळवायचं काम आयांच्या गटाला द्या. पाच बाया पदर खोचून टपरीसमोर उभ्या राहिल्या की कलम वाचून दाखवायची गरज पडत नाही. मुलाला मात्र वर्गात पुडीवरून बोलू नका. रात्री जागं राहण्यासाठी तो खात असेल तर काम सुटल्यावर निम्मं आपोआप सुटेल, उरलेल्या निम्म्यासाठी शाळेच्या आरोग्य तपासणीला येणाऱ्या डॉक्टरांना एकांतात सांगा.

आणखी एक, जे मला हल्ली फार खुपतं. त्याला वह्या-दप्तर दिलंत तर त्याचा फोटो काढून शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. स्टाफरूममध्ये 'तो दारुड्याचा पोरगा' असं एकदा झालं की ते दहावीपर्यंत त्याच्या मागं जातं, आणि पोरांना सगळं ऐकू येतं.

आता वेळेचं बघा. तुम्ही फेब्रुवारीत विचारलंत हे फार बरं झालं. आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा आपली सुटी लांब. शाळा सोडलेली म्हणून माझ्याकडे आलेली बहुतेक मुलं प्रत्यक्षात त्या सुटीत सुटलेली असतात: मे महिन्यात लग्नसराई, गॅरेज, कळमन्याच्या बाजारात हमालांच्या हाताखाली काम, आणि मग जूनच्या शेवटी 'आता काय जायचं'. म्हणून सुटीच्या आधी त्याच्या मेचं काहीतरी ठरवून ठेवा. सकाळचा विहारातला वर्ग, मैदान, मामाच्या गावी महिनाभर, काहीही, पण नाव-ठिकाणासकट. सुटीत दोनदा त्याच्या घरावरून जा. शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात आईला सांगून या. आणि कुटुंब वस्ती बदलून गेलं, तर नवी शाळा टीसी नाही म्हणून प्रवेश नाकारू शकत नाही, हे आईला आत्ताच सांगून ठेवा. शिक्षण हक्क कायद्यात ते आहे, पण दारावरच्या माणसाला माहीत नसतं. एका चिठ्ठीवर तुमचा नंबर लिहून तिच्याकडे द्या, राशन कार्डाच्या पिशवीत ठेवायला सांगा. ती पिशवी कुठलंच कुटुंब मागं सोडत नाही.

त्याला लहान भावंड आहे का, तेही बघून या. तीन-चार वर्षांचं असेल तर अंगणवाडीत जातं का, वजन होतं का, बोलतं का. अंगणवाडी ताईंना त्या घराबद्दल तुमच्या आधी दोन वर्षं माहिती असते, पण शाळा आणि अंगणवाडी एकाच गल्लीत असून एकमेकींकडे जात नाहीत. मोठ्यासाठी आपण आत्ता धावतोय. धाकट्याच्या बाबतीत अजून काही बिघडलेलं नाही, आणि ताईंनी त्या लेकराला रोज अंगणवाडीत बसवलं तर मोठ्याला ते सांभाळायला घरी राहावं लागणार नाही.

येत्या मंगळवारी संध्याकाळी जा, साडेसहानंतर. तोवर आई शेवटच्या घरून परतलेली असते आणि वडील अजून आलेले नसतात. वही विसरू नका.